साठवणं आणि ठेवणं

दर भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ येतो. ओवाळून झालं, फराळ झाला, की आमच्या गप्पा लहानपणात शिरतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिथून बाहेर येत नाहीत. यंदा मात्र तो चहाचा कप हातात धरून बराच वेळ गप्प बसला आणि मग एकदम म्हणाला, "ताई, तुझ्या त्या संचयिकेत कधी कुणाचे पैसे बुडाले का गं?"

मी म्हटलं, "नाही रे. पस्तीस वर्षांत एक पैसासुद्धा नाही."

"मग माझे कसे अडकले?"

हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. वर्गात एखादा मुलगा खरोखरच गणित न कळल्यामुळे विचारतो ना, तसं त्याने विचारलं. आणि मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधण्यासाठी गेले काही आठवडे मी बरंच वाचलं, जुन्या वह्या काढल्या, आणि जे सापडलं ते आज इथे लिहिते आहे. थोडं लांबेल, पण मास्तरणीला थोडक्यात सांगायची सवय नसते हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आधी त्याची गोष्ट सांगते. भाऊ एसटीत कंडक्टर होता. २०१५ साली निवृत्त झाला. फंड, ग्रॅच्युइटी असे सगळे मिळून हातात आलेल्या पैशांतले आठ लाख कुठे ठेवावेत हे विचारायला तो माझ्याकडे आला. आमच्या घरात मी शिकलेली, बी.ए. झालेली, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. मी त्याला आमच्या तालुक्याच्या गावातल्या सहकारी बँकेचं नाव सांगितलं. कारणं दोन. एक म्हणजे तिथे व्याज अर्धा टक्का जास्त होतं. दुसरं म्हणजे शाखेचा मॅनेजर माझा विद्यार्थी. हुशार, सरळ मुलगा. त्याच्या अक्षरावरूनच कळायचं.

२०२२ मध्ये त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. एके सकाळी दारावर कागद चिकटवलेला आणि दाराबाहेर माणसं. माझ्या भावजयीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते पुढे ढकललं. साधारण तीन महिन्यांनी भावाच्या नावावर पाच लाख जमा झाले. उरलेले तीन लाख अजून अडकलेले आहेत. हातात आलेले पाच लाख खर्च करायचाही त्याला धीर होईना, त्यामुळे ऑपरेशन आणखी एक वर्ष लांबलं. ते वर्षभर भावजय काठी घेऊन चालायची. माझ्याकडे आली की काठी दाराबाहेर ठेवून भिंतीला धरून आत यायची. मला दिसू नये म्हणून. मला दिसायचं.

माझा तो विद्यार्थीही येऊन गेला. उंबऱ्यातच उभा राहिला. "बाई, माझ्या आईच्याही ठेवी तिथेच आहेत हो," एवढंच म्हणाला. मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. दुसरं काय करणार?

असो. आता संचयिकेबद्दल. तरुण वाचकांना हा शब्द माहीत नसेल. संचयिका म्हणजे शाळेतली मुलांची बचत बँक. मुलांनीच चालवायची, शिक्षकांनी लक्ष ठेवायचं. पंधरा सप्टेंबरला संचयिका दिनही साजरा व्हायचा. मी १९७३ च्या जूनमध्ये नोकरीला लागले आणि नवीन माणसाच्या गळ्यात जे पडतं ते माझ्या गळ्यात पडलं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की पायरीवर टेबल मांडायचं. नववीतला एखादा मुलगा रोखपाल, एखादी मुलगी हिशेबनीस. लहान मुलं मुठीत घाम आलेली नाणी घेऊन रांगेत उभी राहायची. पाच पैसे, दहा पैसे, पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेली चवली-पावली. प्रत्येकाचं छोटं पुस्तक असे, त्यात नोंद करून सही करायची. सोमवारी सगळी रक्कम पोस्टातल्या खात्यात.

एकदा हिशेब पस्तीस पैशांनी जुळेना. रोखपाल रडकुंडीला आला. मी म्हटलं, खिशातून घालू या आणि घरी जाऊ या. तर आमचे हेडमास्तर म्हणाले, "बाई, खिशातून घातले तर हिशेब मिटेल, चूक मिटणार नाही." दुपारचे चार वाजेपर्यंत आम्ही बसलो. पाचवीतल्या एका मुलाचे पस्तीस पैसे दोनदा लिहिले गेले होते. त्या मुलालाही त्याच्या घरून बोलावून आणलं आणि त्याच्यासमोर नोंद दुरुस्त केली.

एका मुलीने चार वर्षं साठवलेले सत्तेचाळीस रुपये एका शनिवारी एकदम काढले. दहावीच्या परीक्षेची फी भरायची होती. ती पुढे नर्स झाली. हे मी इतक्या ठिकाणी सांगितलं आहे की घरचे आता हात जोडतात! पण मला त्याचा अभिमान होता. मी मुलांना बचत शिकवली, असं मी निरोपसमारंभाच्या भाषणातही म्हटलं होतं.

भावाच्या प्रश्नानंतर लक्षात आलं की मी मुलांना साठवायला शिकवलं. ठेवायला शिकवलं नाही. साठवणं म्हणजे खर्चातून बाजूला काढणं. ठेवणं म्हणजे ते बाजूला काढलेलं कुणाच्या तरी हाती सोपवणं. पहिल्याला काटकसर लागते, दुसऱ्याला चौकसपणा. पहिलं आपल्या घराघरात होतं. दुसऱ्याचा इतिहास मात्र आपल्याला कुणी सांगितलेला नाही, आणि तो बराचसा बुडालेल्या माणसांचा इतिहास आहे.

पूर्वी लोक पैसा पुरून ठेवत, दागिन्यात घालत, नाहीतर पेढीवर ठेवत. कंपनी सरकारच्या काळात, १८३३ ते १८३५ च्या दरम्यान कलकत्ता, मद्रास आणि मुंबई इथे सरकारी बचत बँका निघाल्या. पण त्या शहरातल्या लोकांसाठी. खेड्यातल्या माणसाला त्यांचा पत्ताही नव्हता.

मुंबईतल्या लोकांना मोठ्या बँकेचा पहिला मोठा फटका बसला तो १८६० च्या दशकात. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली निघालेली, सरकारचाही भाग असलेली बँक. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेऊ लागले. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सर्वांत गाजलेलं नाव. बँकेने शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जं दिली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, त्याच्याबरोबर शेअर आणि शेवटी बँकही. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उघडली गेली. ही नवी बँक १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत गेली आणि इंपीरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली.

म्हणजे दारावर मोठं नाव असणं आणि सरकारचा भाग असणं यानेही काम भागत नाही, हा धडा १८६८ चा.

पोस्ट यानंतरचं. बचत बँकेचा कायदा १८७३ चा आणि १८८२ मध्ये टपाल कचेऱ्यांतून बचत बँक सुरू झाली. ही साधी गोष्ट नव्हती. जिथे पत्र पोहोचतं तिथे बँक पोहोचली. शिवाय पोस्टातल्या पैशाची हमी थेट सरकारची. सरकार परकं होतं, तरी शिपाई, मास्तर, कारकून यांनी आपली चार नाणी तिथे ठेवली. पहिल्या महायुद्धात सरकारला पैशांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये पोस्टातून कॅश सर्टिफिकिटं निघाली. आपण पुढे घेत आलो त्या राष्ट्रीय बचत पत्रांची ही आजीच म्हणायची.

स्वदेशीच्या चळवळीत आपल्या लोकांनी आपल्या बँका काढल्या. त्यातल्या काही टिकल्या. बँक ऑफ इंडिया १९०६ ची, सेंट्रल बँक १९११ ची. (या सेंट्रल बँकेने १९२१ मध्ये घरी ठेवायच्या बचतपेटीची योजना काढली होती. आमच्या मातीच्या गल्ल्याचं शहरी भावंड!) पण कितीतरी टिकल्या नाहीत. १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक बंद पडली, पाठोपाठ मुंबईची इंडियन स्पेसी बँक. या दुसरीने चांदीच्या सट्ट्यात हात घातला होता. त्यानंतरच्या काही वर्षांत लहानमोठ्या बँका एकामागून एक बंद होत गेल्या. देशप्रेमाने ठेवलेला पैसासुद्धा बुडाला. हेतू चांगला असला तरी हिशेब चांगला असेलच असं नाही, हा १९१३ चा धडा.

आता सहकाराकडे येते. इथे मला जपून लिहायला हवं, कारण सहकारावर माझा जीव आहे. १८८९ मध्ये बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. सहकाराचा कायदा यायचा होता १९०४ मध्ये, त्याच्याआधी पंधरा वर्षं मराठी मध्यमवर्गीय माणसांनी एकमेकांच्या अडीअडचणीसाठी पैसे एकत्र केले. सावकाराच्या दारात जायला लागू नये म्हणून. त्यातूनच पुढे आपल्याकडे गावोगावी सहकारी बँका आणि पतसंस्था उभ्या राहिल्या. ज्यांना मोठ्या बँकेतला शिपाई आत सोडत नव्हता त्यांना इथे "या, बसा" म्हणणारं कुणीतरी भेटलं. माझं पहिलं शिलाई मशीन अशाच एका पतपेढीच्या कर्जातून आलं आहे. हे विसरले तर मी कृतघ्न ठरेन.

पण सहकाराचं बळ तीच त्याची दुखरी जागाही आहे. बळ ओळखीचं. चेअरमन माहितीतले, मॅनेजर विद्यार्थी, कॅशियर शेजारचा. ओळखीच्या माणसाला आपण प्रश्न विचारत नाही. विचारलं तर त्याला वाईट वाटेल असं वाटतं. मी नाही विचारलं. ताळेबंद मागायचा असतो, वार्षिक सभेला जायचं असतं, थकीत कर्जं किती हे बघायचं असतं, यातलं मी काहीच केलं नाही. अक्षर बघितलं!

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यामुळे भावाचे पाच लाख तरी परत आले.

१९६० साली देशात दोन बँका बुडाल्या. एक केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि दुसरी आपल्या वऱ्हाडातली, अकोल्याची लक्ष्मी बँक. मी तेव्हा दहा वर्षांची होते, मला यातलं काही कळत नव्हतं. पण देशभर हलकल्लोळ झाला. लोकांचा बँकांवरचा विश्वास डळमळला. त्याचा परिणाम असा की १९६१ मध्ये ठेव विमा महामंडळाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून बँकांतल्या ठेवींना विमा मिळाला. अमेरिकेत अशी व्यवस्था १९३३ च्या कायद्याने आली होती, तीही तिथे हजारो बँका बुडाल्यावरच.

विमा किती? तर माणशी दीड हजार रुपये. हसू नका. त्या काळी दीड हजार म्हणजे लहान माणसाची जन्मभराची पुंजी असे. या विम्याचा हप्ता बँकेने भरायचा, ठेवीदाराने नाही. पुढे ही मर्यादा वाढत गेली. फळ्यावर लिहावं तसं लिहिते:

१९६२ – १,५०० रुपये
१९६८ – ५,००० रुपये
१९७० – १०,००० रुपये
१९७६ – २०,००० रुपये
१९८० – ३०,००० रुपये
१९९३ – १ लाख रुपये
२०२० – ५ लाख रुपये

सहकारी बँकांना हे छत्र सुरुवातीला नव्हतं. १९६८ च्या दुरुस्तीने ती वाट मोकळी झाली आणि १९७१ पासून ते टप्प्याटप्प्याने मिळू लागलं. पतसंस्थांना मात्र ते आजही नाही. हे वाक्य कृपया दोनदा वाचा.

आता फळ्याकडे पुन्हा बघा. १९९३ ते २०२०. सत्तावीस वर्षं मर्यादा एक लाखावरच थांबली होती. मी २००८ साली निवृत्त झाले तेव्हा माझे सगळे पैसे एकाच बँकेत होते आणि विमा होता फक्त एक लाखाचा. मी निवांत झोपत होते. अज्ञानात सुख म्हणतात ते हे. भावाने २०१५ मध्ये आठ लाख ठेवले तेव्हाही विमा एक लाखाचाच होता. म्हणजे मी सख्ख्या भावाचे सात लाख उघड्यावर ठेवायला सांगितले, अर्ध्या टक्क्यासाठी. आठ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला चार हजार. सात वर्षांचे अठ्ठावीस हजार. आणि अडकले तीन लाख. चौथीच्या मुलालाही जमेल असं हे गणित आहे.

मग मर्यादा वाढली कशी? २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती. टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल, म्हातारी माणसं फलक घेऊन रस्त्यावर उभी होती. मीही पाहिलं. "अरेरे" म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली. २०२१ मध्ये कायद्यात आणखी दुरुस्ती झाली की निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराला मिळाली पाहिजे. त्याआधी बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात निघेपर्यंत, नाहीतर तिचं विलीनीकरण होईपर्यंत ठेवीदार वर्षानुवर्षं ताटकळत.

भावाला २०२२ मध्ये तीन महिन्यांत पाच लाख मिळाले ते यामुळे. बँक २०१९ मध्येच अवसायनात निघाली असती तर त्याला विम्याचा एकच लाख मिळाला असता, तोही कधी कोण जाणे. म्हणजे त्याच्या हाती आलेले जास्तीचे चार लाख हे एका अर्थी त्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या अनोळखी म्हाताऱ्यांनी मिळवून दिलेले आहेत. आणि त्यांना तरी जो एक लाखाचा आधार होता त्याचं मूळ १९६० मध्ये अकोल्यात आणि पलाईत पैसे गमावलेल्या माणसांत आहे. पासबुकाच्या पानावर "ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा" असा शिक्का असतो. मला तो आता वेगळाच दिसतो. कुणीतरी बुडाल्याशिवाय त्यातला एकही आकडा बदललेला नाही, असं वाटतं.

इतकं सगळं वाचल्यावर मला आमची आई आठवली. ती चौथीपर्यंत शिकलेली. वडील तहसील कचेरीत कारकून. एक तारखेला पगार आला की आई देवापुढे ठेवायची आणि मग त्याचे भाग करायची. वाण्याची उधारी, दूध, घरभाडं, आमच्या फिया. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा तिची फार पंचाईत झाली. चार आण्याचे पंचवीस पैसे बरोबर, पण एका आण्याचे सहा की सव्वासहा? भाजीवालीशी ती यावरून महिनाभर भांडत होती. तरी तिचा हिशेब कधी चुकला नाही.

आणि उरलेलं ती चार ठिकाणी ठेवायची. थोडं तांदळाच्या डब्यात, थोडं बायकांच्या भिशीत, थोडं पोस्टाच्या पुस्तकात, आणि चार-पाच वर्षांनी एखादी सोन्याची वस्तू. मी कॉलेजात गेल्यावर तिला शहाणपण शिकवायला गेले होते. म्हटलं, डब्यातल्या पैशाला व्याज मिळत नाही, सगळं एकाच ठिकाणी ठेव. ती म्हणाली, "सगळं धान्य एका कणगीत भरू नये. कीड लागली तर सगळ्यालाच लागते." मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटलं होतं.

डबाही काही पूर्ण भरवशाचा नव्हे बरं का. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा आमच्या शेजारच्या आजी संध्याकाळी अंधार पडल्यावर माझ्याकडे आल्या. पदराखाली एक पिशवी. मुलाला, सुनेला न सांगता साठवलेले पैसे. ते बदलायचे तर घरात सांगावं लागणार होतं. "इतकी वर्षं माझं असं काहीतरी होतं," त्या म्हणाल्या. पैसे बँकेत भरले गेले, एक रुपयाही बुडाला नाही. पण "माझं असं काहीतरी" गेलंच ना. तेव्हा प्रत्येक कणगीची कीड वेगळी. म्हणूनच कणग्या चार हव्यात.

भाऊबीजेच्या त्या दुपारी एक गोष्ट मला पहिल्यांदाच कळली. भावाने २०१५ मध्ये माझं सगळं ऐकलं नव्हतं. आठ लाख मी सांगितलेल्या बँकेत ठेवले, पण दोन लाख त्याने मला न सांगता पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवले होते. बँक बंद होती त्या तीन महिन्यांत किराणा त्यावर चालला. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "तू हसली असतीस. आईचं कणगीचं तू हसण्यावारी न्यायचीस ना."

मी काय बोलणार?

मग मी त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, संचयिकेत बुडाले नाहीत याची तीन कारणं. हिशेब दर शनिवारी ज्याचे पैसे त्याच्यासमोर व्हायचा. पस्तीस पैशांचाही फरक झाकला जायचा नाही. आणि पैसे शेवटी पोस्टात, सरकारच्या हमीवर असायचे. यातलं एकही कारण मी तुला बँक सांगताना तपासलं नाही. चूक माझी होती.

तो म्हणाला, "तुझी कसली चूक? सही मी केली." आणि करंजी उचलली. आमच्याकडे माफी मागायची आणि द्यायची पद्धत इतकीच आहे.

आता त्याचे पाच लाख तीन ठिकाणी आहेत. भावजयीचं ऑपरेशन झालं, ती काठीशिवाय चालते. उरलेल्या तीन लाखांसाठी तो अवसायकाकडे कागद देऊन आला आहे. किती येतील, कधी येतील, बघायचं. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या, सगळ्या खात्यांतल्या रकमा आणि त्यांवरचं व्याज मिळून पाच लाख, हे त्याला आता पाठ आहे. ओळखीच्यांना तो सांगत असतो. कंडक्टरचा आवाज आहे, लांबपर्यंत पोहोचतो!

माझा नातू मोबाईलवरून दर महिन्याला कुठेकुठे पैसे गुंतवतो. मला त्यातलं सगळं कळत नाही आणि "आजी, तुमचा काळ वेगळा होता" हे मी ऐकून घेते. परवा मात्र मी त्याला समोर बसवलं आणि तीन प्रश्न विचारले. हे पैसे शेवटी कुणाच्या हातात आहेत? कुणाची हमी आहे, आणि असली तर किती रकमेपर्यंत? आणि उद्या काही झालं तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याने दिली. हमी नाही, बाजारावर आहे, हे त्याने सरळ सांगितलं ते मला आवडलं. तिसऱ्याला जरा अडखळला. शोधून सांगतो म्हणाला.

शनिवारपर्यंतची मुदत दिली आहे.